आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार?



वर्षावासात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होते. लोक शांतपणे ऐकतात, वंदना घेतात आणि घरी जातात. परंतु धम्माची परीक्षा विहारात होत नाही. ती घरात होते. आणि त्यातही ज्या रात्री घरातले लेकरू तापाने फणफणते, त्या रात्री होते. अशा रात्री आपण कोणाच्या दारी धावतो आणि आपल्या दारी कोण येते, यावरून धम्म आपल्यात किती रुजला ते कळते. आज अशाच एका घराची हकीगत मी आपणांपुढे ठेवणार आहे. नावे सांगत नाही. हे घर आपल्यापैकी कोणाचेही असू शकते.

बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यात मी शाळामास्तर आहे. आमच्या गावातील एका शेतमजूर कुटुंबाने २०२१ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी गावच्या विहारात त्रिशरण-पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि त्या जागी भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमा मांडल्या. त्यांची आठ वर्षांची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती. आईबापांच्या आधी तिलाच पंचशील पाठ झाले होते.

२०२२ च्या जुलैमध्ये ही मुलगी आजारी पडली. ताप येई, गोळीने उतरे, पुन्हा चढे. चेहरा पांढराफटक पडला. मार न लागता पायांवर काळेनिळे डाग उठले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. एके दिवशी ती म्हणाली, "गुरुजी, हाडं दुखतात, मी खेळत नाही." मला ते शाळा चुकवण्याचे निमित्त वाटले. ही माझी चूक मी प्रथम कबूल करतो.

मग घरात बोलणी सुरू झाली. आत्याबाई म्हणाल्या, देव घराबाहेर काढले, त्याची ही भोगणूक आहे. एक शिकलेले पाहुणे म्हणाले, देवाचे राहू द्या, पण पूर्वजन्मीचे कर्म कोणाला चुकले आहे? आणि एक वडीलधारे गृहस्थ हळूच बापाला म्हणाले, पोरगीच आहे, किती धावपळ करशील? या तिघांच्या मध्ये ती आई बसली होती. तिने मला विचारले, "गुरुजी, देव काढले म्हून तं असं नसन झालं?" आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला माणूस. पण त्या क्षणी मला पटकन उत्तर देता आले नाही. त्या रात्री भगत आला. मुलीच्या कपाळी अंगारा लागला, मनगटाला काळा दोरा बांधला गेला. वीस दिवस गेले.

बंधूंनो, त्या माउलीला मी दोष देत नाही. आपणही देऊ नये. कारण पुढे तिने मला जे सांगितले, ते ऐकून माझी मान खाली गेली. ती म्हणाली, "भगत रातभर पोरीच्या उशाशी बसला, गुरुजी. तुम्ही लोकं आले, वंदना म्हणली अन् गेले." भगताची विद्या खोटी होती, पण त्याचे बसणे खोटे नव्हते. आम्ही तिच्या हातातला दोरा पाहिला. तो बांधायची वेळ तिच्यावर का आली, ते पाहिले नाही.

आता त्या तीन बोलण्यांचा विचार करू.

पहिले बोलणे देवाच्या कोपाचे. देव सोडल्याने रोग होत असता, तर देव न सोडलेल्या घरांत रोग झालाच नसता. ज्या रुग्णालयात ही मुलगी पुढे गेली, तिथे सर्व धर्मांची, सर्व जातींची लेकरे त्याच रोगाने खाटेवर आहेत. नवस करणाऱ्यांची आहेत, नमाज पढणाऱ्यांची आहेत. रोग देव्हारा पाहून घरात शिरत नाही.

दुसरे बोलणे पूर्वजन्मीच्या कर्माचे. हे अधिक घातक, कारण ते आपल्याच धम्माचे सोंग घेऊन येते. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. त्याने तथागतांना विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकृत कर्माचेच फळ, असे काही लोक म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, हयगय, आघात अशी निरनिराळी कारणे मोजून दाखवली, आणि सारे पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात, असे सांगितले. बाबासाहेबांनीही आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे निक्षून मांडले आहे. तरीही ज्याला शंका असेल त्याने एवढेच आठवावे. बाबासाहेब आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे अजाण वयात गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. रमाईचे कोणते पाप होते, ते सांगायला कोणाची जीभ वळेल? मग आमच्या गावातल्या त्या आईच्या बाबतीत ती का वळते?

तिसरे बोलणे मुलगीपणाचे. आपल्या देशात कर्करोगाच्या उपचारासाठी रुग्णालयात पोचणाऱ्या मुलांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त असते, आणि हा सारा फरक रोगामुळे पडत नाही. काही मुलींना घराबाहेर काढलेच जात नाही. ज्या घराने समतेची प्रतिज्ञा घेतली, त्या घरात हा हिशेब होत असेल तर ती प्रतिज्ञा ओठांवरच राहिली, असे समजावे.

त्या बापाने मात्र हा हिशेब केला नाही. तो मुलीला घेऊन तालुक्याला गेला. रक्त तपासले. डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवले, तिथून चिठ्ठी मिळाली मुंबईची: परळ, टाटा स्मारक रुग्णालय. मलकापूरहून रात्रीच्या गाडीने तिघे दादरला उतरली. पहिल्या चार रात्री त्यांनी फुटपाथवर काढल्या. पाऊस होता. आई मुलीच्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद धरून बसे.

निदान झाले रक्ताच्या कर्करोगाचे. आपल्या हाडांच्या आत मगज असतो. तिथे रक्त तयार होते. या रोगात तिथे कच्च्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून रक्त कमी पडते, ताप येतो, डाग उठतात, हाडे दुखतात. हा रोग संसर्गाने पसरत नाही. मुलांच्या बहुतेक कर्करोगांत आईबापांची कोणतीही चूक कारण नसते. त्या आईला डॉक्टरीणबाईंनी हे तीनदा समजावून सांगितले, तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली याच रोगाने वारल्या. धनाला तोटा नव्हता, पण त्या वेळी जगात या रोगावर औषधच नव्हते. पुढे टाटांच्याच विश्वस्त निधीतून १९४१ साली परळचे हे रुग्णालय उभे राहिले. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांचा हा रोग काही काळ मागे हटतो, असे दाखवले. त्यानंतर एकेक औषध सापडत गेले. त्यांतले एक, व्हिन्क्रिस्टीन, कशातून मिळाले? तुमच्या-माझ्या दारातल्या सदाफुलीतून! पिढ्यान् पिढ्या आपण ते फूल देवाला वाहिले. माणसाने त्या झाडाचा अभ्यास केला, तेव्हा त्यात लेकरांचे प्राण सापडले. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला औषधी नाही अशी वनस्पती शोधून आणायला सांगितले. तो योजनभर हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. सदाफुली पाहिली की मला ती कथा आठवते. (मात्र कोणी सदाफुलीचा पाला वाटून पाजू नका. ते विष आहे. शुद्ध केलेले, मोजून दिलेले, डॉक्टरांच्या हातचे असेल तरच ते औषध.)

जे १९३१ साली कोट्यधीशाच्या घरात झाले नाही, ते आज शेतमजुराच्या मुलीच्या बाबतीत होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र ३० सुद्धा होत नाहीत. रोग तोच आणि औषधे बहुतेक तीच. मग फरक कुठे पडतो? उशिरा पोचणे आणि उपचार अर्धवट सोडणे, ही त्याची दोन मोठी कारणे. या मुलीचा उपचार अडीच वर्षांचा होता. पहिले काही महिने मुंबई सोडता येत नव्हती. औषधांनी चांगल्या पेशीही घटतात. अशा वेळी गढूळ पाणी, शिळे अन्न, फुटपाथची धूळ लेकराचा जीव घेऊ शकते. म्हणून अशा मुलाला स्वच्छ खोली मिळणे हा उपचाराचाच भाग आहे.

ती खोली मिळाली. औषधोपचाराचा बराच भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला. रुग्णालयातील समाजसेविकेने त्यांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेकडे पाठवले. कर्करोगाच्या उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आईबापांसह विनामूल्य राहता यावे, म्हणून ही संस्था २००६ साली मुंबईत सुरू झाली. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, सर्वांचे एक स्वयंपाकघर आणि त्यात आपापली चूल, रुग्णालयात जाण्यायेण्याची सोय, मुलांना शिकवणे. नाव ख्रिस्ती संताचे, पण तिथे कोणाला धर्म विचारत नाहीत.

आणि इथेच त्या बापाने पाय मागे घेतला! त्याने मला फोन केला. म्हणाला, "गुरुजी, माह्या आज्यानं येसकरपाळीच्या भाकरी मागतल्या. बाबासाहेबानं ते सोडाले लावलं. आता मी पुन्ना कोणापुढं हात पसरू काय?"

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या माणसाच्या मनात हा प्रश्न उभा राहतो, त्याच्यात बाबासाहेब जिवंत आहेत. मी एक दिवस मागून घेतला आणि विचार केला. मग त्याला सांगितले ते असे.

येसकरपाळीची भाकरी आणि ही खोली यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ती भाकरी देणारा उंबऱ्याच्या आतून, वरून टाकीत असे. तू खाली आहेस म्हणून ती मिळे. आणि तू उद्याही खालीच राहावेस, यासाठी ती मिळे. तिच्या बदल्यात तुझे नाव, तुझा वेळ, तुझा मान गहाण पडे. ही खोली देणाऱ्याची इच्छा उलट आहे. तुझी मुलगी बरी व्हावी, तू खोली सोडून आपल्या गावी जावेस आणि तिथे दुसऱ्या लेकराला जागा व्हावी, ही त्याची इच्छा आहे. जे देणे घेणाऱ्याला कायमचे वाकवते ती भीक घालणे. जे देणे घेणाऱ्याला उभे करते ते दान, ती मैत्री. घेणाऱ्यालाही एक कसोटी आहे. उभा राहिल्यावर तो दुसऱ्याला हात देतो काय? देत असेल, तर त्याने भीक घेतलीच नाही.

तो गेला. आठ दिवसांत त्याने तिथल्या स्वयंपाकघराच्या सफाईची पाळी मागून घेतली. नवीन आलेल्या माणसांना रक्ततपासणी कुठे, कागद कुठे दाखवायचे, रक्तपेढी कुठे, हे तो दाखवू लागला. अक्षरओळख बेताची असलेला हा माणूस बिहारहून आलेल्या बापांना बोट धरून नेऊ लागला.

विनयपिटकातील एक प्रसंग आपण पुष्कळदा ऐकला आहे. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत आनंदासह तिथे आले. आनंदाकडून त्यांनी पाणी आणवले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्यांनी त्याला खाटेवर निजवले. मग त्यांनी संघ जमवला आणि बजावले की, आता तुम्हांला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

याच ठिकाणी तथागतांनी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. औषध नीट तयार करता यावे. काय पथ्य, काय कुपथ्य हे कळावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, ओकारी, थुंकी काढताना किळस येऊ नये. आणि वेळोवेळी धीराचे, धम्माचे शब्द बोलता यावेत. बघा, धीराचे शब्द पाचव्या क्रमांकावर आहेत! आम्ही मात्र पहिले चार सोडून पाचव्यालाच सुरुवात करतो. त्या आईने चार गुण अडीच वर्षांत कमावले. कोणती गोळी रिकाम्या पोटी, कोणती जेवणानंतर, पाणी किती उकळायचे, हे तिला तोंडपाठ झाले.

रुग्णाचेही गुण सांगितले आहेत: पथ्य पाळणे, त्यातही प्रमाण ओळखणे, औषध घेणे, दुखणे खरे सांगणे, वेदना सोसणे. पाठीच्या कण्यात सुई घालताना ती आठ वर्षांची मुलगी आईचा हात धरून निश्चल पडे. केस गेले तेव्हा आरशात पाहून म्हणाली, "आई, मी भन्तेंसारखी दिसते." ती हसली, म्हणून आई हसली.

त्या स्वयंपाकघरात एका रांगेत चुली होत्या. प्रत्येक चुलीपाशी एक आई, आणि प्रत्येक आईचे लेकरू त्याच वाटेवर. किसा गोतमीची कथा आपण सांगतो ती बहुधा एवढीच की, मरण कोणालाच चुकत नाही, म्हणून रडू नका. मला ती कथा या स्वयंपाकघरामुळे वेगळी कळली. तथागतांनी गोतमीला उपदेश करून परत पाठवले नाही. त्यांनी तिला घरोघरी पाठवले. ज्या घरात कोणी मेले नाही असे घर तिला मिळाले नाही, हे खरे. पण प्रत्येक दारी कोणीतरी तिच्याशी बोलले. ती एकटी उरली नाही.

शेजारच्या चुलीवरच्या बाईचा मुलगा वाचला नाही. पाच वर्षांचा होता. उपचार तोच, सेवाही तितकीच. मी आपणांस खोटे आश्वासन देणार नाही. सर्व मुले बरी होत नाहीत. गावी परत जाताना त्या बाईने आपला कुकर या आईच्या हाती दिला. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. त्या कुकरमध्ये पुढे दोन महिने या मुलीची खिचडी शिजली. मनगटावरचा काळा दोरा आईने कधी सोडला, हे मी विचारले नाही. मी भेटलो तेव्हा तो नव्हता.

मी भेटलो ते २०२२ च्या ६ डिसेंबरला. आपण चैत्यभूमीवर दरवर्षी लाखोंनी जातो. परळ तिथून किती दूर? आमच्या तालुक्याचे दहा तरुण मी तिकडे घेऊन गेलो. मुलीला गर्दीत नेणे शक्य नव्हते. बाप आमच्याबरोबर दादरला येऊन अभिवादन करून गेला. दुसऱ्या दिवशी दोघा तरुणांनी रक्तदान केले. त्याच वर्षीच्या १४ एप्रिलला याच तरुणांनी डीजेसाठी वर्गणी गोळा केली होती. जुलैत मुलीला तालुक्याला न्यायला गाडीभाड्याचे पैसे नव्हते, तेव्हा ती वर्गणी संपलेली होती. परतताना गाडीत त्यांच्यापैकीच एकाने हा विषय काढला. मला बोलावे लागले नाही.

आता आमच्या विहारात एक पेटी आहे. प्रत्येक पौर्णिमेला ज्याला जे जमेल ते त्यात पडते, आणि ती रक्कम फक्त आजाऱ्याच्या गाडीभाड्याला, तपासणीला लागते. हिशेब फळ्यावर लिहिला जातो; घेणाऱ्याचे नाव लिहिले जात नाही. कोणाकडे आजार असेल तर दोन माणसांची रात्रीची पाळी लागते. आणि आठवणीसाठी भिंतीवर एवढे लिहून ठेवले आहे: न हटणारा ताप, पांढुरका चेहरा, विनाकारण डाग किंवा रक्त, हाडांचे दुखणे, अंगावर गाठ, सकाळची ओकारी व डोकेदुखी, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, मुलात यांतले काही दिसले तर थांबू नका, दवाखान्यात न्या. शिधापत्रिका आणि आधार कार्ड नेहमी तयार ठेवा.

मुलीचा उपचार २०२५ च्या आरंभी संपला. तपासणीला अजून जावे लागते. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही सांगत नाही. आज ती शाळेत येते. केस पुन्हा आले आहेत. वर्गात कोणाला ताप आला, तर आधी तीच जाऊन कपाळाला हात लावते.

धम्मबंधूंनो, देव्हारा रिकामा करणे सोपे आहे. भगताला दारातून परत पाठवणेही सोपे आहे. पण तो जिथे बसत होता, ती उशाजवळची जागा रिकामी ठेवलीत, तर उद्या तो पुन्हा येऊन बसेल. तिथे आपण बसायचे आहे. हातात पाण्याचा तांब्या, औषधाची चिठ्ठी आणि मनात मैत्री घेऊन.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.